न आलेल्या बिल्डरसाहेबांस अनावृत पत्र

माननीय बिल्डरसाहेब (नाव ठरायचे आहे),

स.न.वि.वि.

आपण पुनर्विकासासाठी अजून आलेला नाहीत, तरी स्वारगेटच्या आमच्या सोसायटीचा कारभार बरीच वर्षे आपणच पाहता, म्हणून तक्रारही आपल्याकडेच.

गेल्या रविवारी पार्किंगमध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय साधा होता. गच्चीवर 20 किलोवॅटचे सोलर बसवायचे, लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवायचे, उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणला द्यायची. कोरम भरेना. चहा आला, कोरम भरला. सेक्रेटरींनी हिशेब मांडला : एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची, दिवसाला सरासरी चार युनिट वीज, सूर्यघर योजनेतून सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान. म्हणजे आम्हाला 3,60,000. खर्च चार-पाच वर्षांत वसूल, पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात. माना डोलू लागल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आपण बोललात. आवाज वरच्या मजल्यावरच्या काकांचा, पण वकीलपत्र आपले : "अहो, बिल्डर येणार आहे ना? मग हा खर्च कशाला?"

विषय तहकूब.

साहेब, आपल्या नुसत्या येण्याच्या बातमीवर आमच्याकडे काय काय थांबले आहे! इमारतीचा रंग थांबला, लिफ्टची नवी केबिन थांबली, ड्रेनेजचे झाकण थांबले, त्यावर फरशी ठेवून भागवतो. आणि 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाल्यावर तर आपण गाडीतूनच उतरणार अशी सगळ्यांची खात्री झाली. मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत 4 पर्यंत एफएसआय मिळू शकतो, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. त्या 4 साठी समोरचा रस्ता रुंद लागतो आणि प्लॉट मोठा लागतो, हे सांगायला गेलो तर मला 'निगेटिव्ह' म्हणतात. आमच्या गल्लीत गॅसचा टेम्पो शिरला की रिक्षाला रिव्हर्स घ्यावा लागतो. कन्व्हेयन्स झालेले नाही, प्रॉपर्टी कार्डावर मूळ मालकाचेच नाव आहे. आपण हिशेब करता, म्हणून येत नाही. आम्ही करत नाही, म्हणून वाट पाहतो.

पॅनेल नटबोल्टवर असतात, इमारत पाडायची वेळ आलीच तर उतरवून नव्या गच्चीवर चढवता येतात, असे सेक्रेटरी म्हणाले. पण तोवर बिस्किटे आली होती.

बाकीचे आक्षेप किरकोळ. पापड कुठे वाळवायचे? लाइट गेल्यावर सोलर चालेल का? (नाही. खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून अशा वेळी इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. हे कळल्यावर विचारणाऱ्यांनी घोटाळा पकडल्याच्या थाटात मांडी घातली.) एकाने ऐकवले, "सहकारात वीज म्हणजे मुळा-प्रवरा!" कबूल. श्रीरामपूरकडची ती संस्था काही दशके वीज वाटत होती, थकबाकीत बुडाली, 2011 मध्ये वाटप महावितरणकडे गेले. पण बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची त्याच पिढीतली सहकारी संस्था अजून वीज वाटते. जर्मनीतल्या श्योनाऊ गावाने 1997 मध्ये आपल्या गावचे वीजजाळेच कंपनीकडून विकत घेतले. एवढ्या लांब कशाला, इथून एसटीने पाटणला जा : तालुक्यातली मान्याचीवाडी, शंभरेक उंबरे, 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. त्या वाडीचे नशीब थोर, तिथे आपण येणार अशी अफवा नाही.

खरे सांगू? आपल्यावर राग धरण्यात अर्थ नाही. संताप येतो तो आमच्या माणसांचा. दोन दोन लाखांचे फोन खिशात घालून बसलेली माणसे सामाईक मीटरच्या बिलावर दर महिन्याला भांडतात, पण ते बिल कमी करायला एकत्र सही करत नाहीत! फुकट फ्लॅट देणाऱ्या परक्यावर भरवसा, शेजारच्या दारावर नाही.

आणि तरी काकांवर आवाज चढवता येत नाही. गच्चीत या, दाखवतो. मिळकतकरात सवलत मिळते म्हणून बसवलेला सोलर बंब तिथे उभा आहे. काचेच्या नळ्या फुटल्या आहेत, टाकीचा पत्रा उचकटून कबुतरांनी घरटे केले आहे. त्या बंबाची वर्गणी सर्वांत आधी काकांनी भरली होती. वर्षभरात पाणी कोमट झाले, देखभाल कुणी करायची यावर तीन सभा झाल्या, आणि स्टँडच्या बोल्टमधून झिरपणारे पाणी आजही काकांच्या बेडरूममध्ये उतरते. खाली बादली असते. त्यांचा आपल्यावर विश्वास बसला असे नाही, आमच्यावरचा उडाला. मग या सोलरची देखभाल कोण करणार, असे त्यांनी विचारले असते, तर सभेत एकाकडेही उत्तर नसते. सेक्रेटरींच्या कागदावरसुद्धा तो रकाना कोराच होता.

तेव्हा एक कृपा करा. "मी येत नाही," एवढेच लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून पाठवा. नोटीस बोर्डावर लावतो, बंब भंगारात काढतो, काकांची गळती आधी दुरुस्त करतो आणि देखभालीचा ठराव घेऊन सभा पुन्हा बोलावतो.

आपला,
एक सभासद (मेंटेनन्स भरलेला)

ता. क. : अनुदानाची योजना 2026-27 पर्यंतच आहे. त्याआधी खरोखरच येणार असाल, तर गाडी मुख्य रस्त्यावरच लावा. आत वळणार नाही.