घरगुती साबणाची शासनमान्य नसलेली कार्यपद्धती

हाताने साबण करून विकायचा तर आधी साबण करावा लागतो, असा एक गैरसमज प्रचलित आहे. प्रत्यक्षात साबणाचा नंबर बराच मागे असतो. आधी नाव ठरते, मग लोगो, मग खोका, मग इन्स्टाग्रामवरचे खाते आणि एखाद्या रविवारी ओटा मोकळा सापडलाच तर साबण. प्रस्तुत मार्गदर्शिकेने होतकरूंच्या सोयीसाठी हाच लोकमान्य क्रम पाळला आहे.

पायरी १ : नाव आणि खोका

नाव संस्कृत असावे, आणि अर्थ समजावून सांगावा लागेल इतपत अवघड असावे. समजावता समजावता गिऱ्हाइकाच्या हातात वडी देता येते. ज्यांच्या घरी शब्दकोश नाही त्यांनी आर्देशिर गोदरेज यांचा कित्ता गिरवावा. वनस्पती तेलांपासून साबण करणाऱ्या गोदरेजांनी बाजारात आधी ‘नंबर २’ उतरवला आणि ‘नंबर १’ त्यानंतर, १९२२ मध्ये. दोन नंबरचा एवढा चांगला तर एक नंबरचा कसा असेल, याचा हिशेब गिऱ्हाइकाने मनात करावा, अशी ती योजना. शंभर वर्षे उलटली तरी ‘नंबर १’ दुकानात आहे.

खोक्यासाठी म्हैसूरकडे पाहावे. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली, संस्थानाकडे लाकूड साचून राहिले आणि १९१६ मध्ये तिथे चंदनतेल काढायला सुरुवात झाली. त्या तेलाचा जो साबण निघाला तो इतरांसारखा चौकोनी न करता लंबगोल केला आणि दागिन्याच्या डबीच्या धर्तीवरच्या खोक्यात बसवला. आजच्या गृहोद्योगाने या धड्यातली डबी उचलली आहे. ज्यूटची दोरी, वाळलेला तुरा, भरड कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर ‘तुमच्यासाठी, प्रेमाने’. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केट पालथे घातल्यावर या प्रेमाचा खर्च वडीतल्या तेलाच्या पुढे गेला, की खोका झाला असे समजावे.

पायरी २ : कागदपत्रे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून ती सविस्तर दिली आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातल्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून एके काळी साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले आणि साबणाची वडी कायद्याने लिपस्टिकची सख्खी बहीण झाली. त्यामुळे अंगाचा साबण विक्रीसाठी करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. २०२० च्या नियमांप्रमाणे अर्ज ‘सीओएस-५’ या नमुन्यात करायचा आणि परवाना ‘सीओएस-८’ मध्ये मिळतो. जागा, स्वच्छता, यंत्रसामग्री, तांत्रिक माणूस, सगळ्यांसाठी अटी आहेत. ‘आमचं काय, घरगुतीच आहे हो’ हे वाक्य नियमांच्या एकाही परिशिष्टात सापडत नाही.

ज्यांच्या फ्लॅटमध्ये कारखाना मावत नाही त्यांच्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाचा माल काढता येतो. अशा वेळी खोक्यावरच्या ‘आईच्या हातचा’ या ओळीतली आई नेमकी कोणाची, हे गिऱ्हाइकाने विचारू नये आणि विक्रेत्याने सांगू नये.

लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष, घटकांची यादी, वापराची मुदत, निव्वळ वजन आणि एमआरपी हवी. एवढे छापल्यावर जी जागा उरते तिथे काव्य करावे, पण बेताने. ‘मुरुमे बरी होतात’ किंवा ‘इसब जातो’ असे लिहिले की वडी औषधाच्या प्रांतात शिरते आणि त्या प्रांताचा परवाना वेगळा. ‘प्रसन्न वाटते’ हे मात्र कितीही वेळा लिहावे. प्रसन्नतेवर अद्याप कोणत्याही खात्याचे नियंत्रण नाही.

पायरी ३ : साबण

इथे दोन पंथ आहेत. पहिला वितळवा-आणि-ओता पंथ. तयार सोप बेसचे तुकडे करावेत, वितळवावेत, रंग आणि वास घालून सिलिकॉनच्या साच्यात ओतावेत, आणि काही तासांत फोटो काढावा. चुकायला फारसा वाव नसल्याने प्रशिक्षणवर्ग मुख्यतः याच पंथाचे भरतात. पावसाळ्यात या वड्यांमधले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि वडीवर थेंब साचतात. ‘हे मॉइश्चरायझर बाहेर येतंय’ असे सांगण्याची प्रथा आहे. ती मोडून वड्या लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळाव्यात.

दुसरा पंथ कॉस्टिक सोड्याचा. तेल आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. त्यासाठी प्रत्येक तेलाला सोड्याचे स्वतःचे प्रमाण असते. ६०० ग्रॅम शेंगदाणा तेल, ३०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम एरंडेल असे किलोभर तेल घेतले, तर थोडे तेल मोकळे राहावे म्हणून पाच टक्के सूट देऊन सोडा भरतो सुमारे १४२ ग्रॅम, आणि पाणी ३०० ग्रॅम. आजीच्या हाताला अंदाज होता, पण आजी लाडू वळत होती. कॉस्टिकपुढे वाटी, मूठ, चिमूट ही सारी परंपरा बाद. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हीच या उद्योगातली खरी गुंतवणूक. सोडा जास्त झाला तर साबण कातडी सोलतो, कमी झाला तर तेलकट राहतो आणि पुढे त्यावर खवट नारिंगी ठिपके उमटतात.

सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. मिश्रण आपोआप उकळीच्या जवळ तापते आणि त्याची वाफ नाकात जाते, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि मुले शेजाऱ्यांकडे. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये. कॉस्टिक ते खाते आणि वर हायड्रोजन सोडते. स्टीलचे घ्यावे, आणि ते पुन्हा आमटीला न लावण्याची शपथ घरातल्या सर्व सज्ञान व्यक्तींकडून लिहून घ्यावी. अंगावर थेंब उडाला तर भरपूर साध्या पाण्याने धुवावे. थंड झालेले मिश्रण तेलात घालून हँड ब्लेंडरने फिरवावे आणि पातळ पिठल्याइतके आळले की साच्यात ओतावे.

पायरी ४ : निसर्गाला आवरणे

गिऱ्हाइकाला साबणात निसर्ग दिसायला हवा असतो. दुर्दैवाने कॉस्टिकला निसर्ग दिसत नाही. मिश्रणात ढवळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या काही दिवसांत तपकिरी पडतात, तुळशीचे पान काळवंडते आणि बिटाचा गुलाबी रस मातकट होतो. हळद आधी लालसर होऊन घाबरवते, मग पिवळ्या-केशरीवर येते आणि उजेडात ठेवली की फिकटते. व्हॅनिलाचा वास घातलेला पांढराशुभ्र साबण हळूहळू चॉकलेटी होतो. त्याला तेव्हाच ‘कॉफी’ असे नाव द्यावे. लवंगतेल मिश्रणाला इतके झटपट घट्ट करते की कलाकुसर बाजूला राहते आणि ब्लेंडर साबणात उभा राहतो. शेळीचे दूध घालायचे तर ते गोठवून घालावे, नाहीतर सोड्याच्या उष्णतेने दुधातली साखर करपते. गुलाबी हवा असेल तर मंजिष्ठा आणि जांभळा हवा असेल तर रतनजोत, हे दोघे त्यातल्या त्यात शब्दाला जागतात.

पायरी ५ : थांबणे

ओतल्यानंतर दिवस-दीड दिवसाने किलोभर तेलाच्या साबणाच्या ११० ग्रॅमच्या तेरा वड्या कापता येतात. त्या जाळीवर हवेशीर ठेवून चार ते सहा आठवडे वाट पाहायची. या काळात पाणी उडते, वडी टणक होते आणि वापरताना कमी झिजते. पाणी उडते म्हणजे वजनही उडते. सहा आठवड्यांनी तीच वडी शंभर ग्रॅमच्या आसपास येते. उत्साहाच्या भरात कापल्या दिवशीच ‘११० ग्रॅम’ अशी लेबले छापून घेणाऱ्यांची गाठ वैधमापन शास्त्राच्या निरीक्षकाशी पडते. उत्साह हे वजनाचे एकक नाही, हे त्याला माहीत असते.

पायरी ६ : प्रदर्शन

पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईचे महालक्ष्मी सरस असो की सोसायटीच्या क्लबहाउसमधला दिवाळी मेळा, साबणाच्या टेबलाशी येणारी माणसे ठरलेली असतात. पहिला वर्ग वास घेणाऱ्यांचा. हे सगळे नमुने हुंगतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि भाकरी-पिठल्याच्या स्टॉलकडे जातात. यांच्यासाठी नमुन्याची एकच वडी उघडी ठेवावी. दुसरा वर्ग ‘हे घरी करता येतं का?’ विचारणाऱ्यांचा. त्यांना कॉस्टिकचे वर्णन ऐकवावे, ते दोन वड्या घेतात.

तिसरा वर्ग टीएफएमवाल्या काकांचा. यांना माहीत असते की आयएस २८८८ या मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, निदान ७६ टक्के हवा. हातच्या साबणात पाणी आणि स्वतःचे ग्लिसरीन राहिलेले असल्याने हा आकडा कमी भरू शकतो; मोठे कारखाने बहुधा ते ग्लिसरीन काढून वेगळे विकतात. हे शांतपणे सांगावे. काका पटल्यासारखे दाखवणार नाहीत, पण पुढच्या टेबलावर तेच ज्ञान स्वतःचे म्हणून सांगतील. प्रसिद्धीचा याहून स्वस्त मार्ग नाही.

बर्फी, मोदक, कपकेक अशा आकारांचा मोह टाळावा. खाण्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यामुळे धोकादायक ठरणाऱ्या वस्तूंवर युरोपीय समुदायाने १९८७ मध्येच बंदीचा निर्देश काढला. आपल्याकडे शेजारी पुरणपोळीचा स्टॉल असतो आणि आजोबांचा चष्मा घरी राहिलेला असतो.

पायरी ७ : किंमत आणि ऑर्डर

किमतीत तेल, सोडा, सुगंध, खोका, टेबलाचे भाडे आणि वाया गेलेला माल धरावा. आपली मजुरीही धरावी. ती धरली नाही तर किंमत आकर्षक दिसते, आणि तिथेच बरेच गृहोद्योग आटोपतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ‘आता स्वस्त झाला असेल ना?’ हा प्रश्न येणारच. वर्षाला चाळीस लाखांच्या खाली उलाढाल असलेल्या आणि नोंदणी न केलेल्या विक्रेतीने तो कर मुळात आकारलाच नव्हता, हे समजावण्यात एक गिऱ्हाईक जाते. जाऊ द्यावे.

नातेवाइकांचा दर वेगळा नसावा. ‘घरचेच ना आम्ही’ असे म्हणणाऱ्यांना तेलाच्या डब्याची पावती दाखवावी.

राहता राहिला खरा हंगाम, संक्रांतीचे हळदीकुंकू. साबणाची छोटी वडी वाणाला सोयीची: तबकात मावते, हुंगता येते, आणि प्लास्टिकच्या डब्यासारखी पुढच्या वर्षी दुसऱ्याला देता येत नाही. त्यासाठी साबण नोव्हेंबर संपायच्या आत ओतलेला हवा. फोन मात्र १० जानेवारीला येतो: एकावन्न वड्या, केशर-चंदन, परवापर्यंत, प्रत्येकीवर ‘तिळगूळ घ्या’ कोरलेले. नाही म्हणू नये. ऑर्डर घ्यावी, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि संक्रांत कोणत्या वर्षाची ते पावतीवर ठळक लिहावे.