तेहतीसवाले काका

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत हे काका असतातच. त्यांची नजर आधी तुमच्या टायरवर पडते, मग तुमच्यावर. "मागचा डावा बसलाय," हाच त्यांचा नमस्कार. खिशाला पेनाच्या जागी गेज. माणूस चुकीचं बोलत असता तर टाळता तरी आला असता. पण काका नेमके बरोबर असतात, हा खरा वैताग.

पंपावरचा पोरगा नळी लावून विचारतो, "किती मारू?" आणि दाराच्या खांबावर कंपनीनं चिकटवलेला तक्ता जन्मात न वाचलेला गाडीवाला बेधडक "पस्तीस" म्हणतो, तेव्हा काकांच्या छातीत कळ येते. त्यातून समृद्धीवर निघालेला कुणी "ऊन फार आहे, कमीच ठेवतो" म्हणाला, की पार्किंगमध्येच वर्ग भरतो. हवा कमी म्हणजे टायरच्या बाजू जास्त दबणार, दबल्या की तापणार, आणि तशात ताशी १२०नं ७०१ किलोमीटर. फुटायला आणखी काय हवं? चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय चढलेले दिसतात, ते सोडायचे नसतात. रात्रीतून टायर गार झाला की तेवढेच कमी भरतात. मोजायची ती थंड टायरची हवा. नायट्रोजनचं नाव काढलंत तर, "श्वासात ७८ टक्के तोच घेताय, फुकट!"

आता थंड टायर पंपापर्यंत नेईस्तोवर गरम होतो, ही अडचण काकांनी स्वतःपुरती सोडवली आहे. गाडीच्या लायटरवर चालणारा छोटा पंप त्यांनी आणलाय आणि तो पहाटे सहाला सुरू होतो. त्या घरघरीनं तिसऱ्या मजल्यापर्यंत जाग येते. सोसायटीनं तक्रारीची चिठ्ठी दिली. काकांनी तिच्या पाठीवर लिहून ठेवलं, ३३, ३३, ३३, ३३, स्टेपनी वेगळी.

मे महिन्यात कोकणात निघालेल्यांची तर धडगत नाही. वाळूत हवा विशीपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि रुतत नाही, हे सांगून काका लगेच दटावतात, "पण किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नाही. भरती गेज बघून येत नाही." मग डिकीत डोकावतात. भरल्या गाडीला मागे हवा जास्त लागते, तक्त्यात त्याचा रकाना वेगळा असतो. "माणसं पाच... बॅगा धरू साठ किलो..." असं पुटपुटत ते मागच्या खिडकीशी वाकतात आणि आत बसलेल्या सासूबाईंना अत्यंत आदरानं विचारतात, "आपलं वजन साधारण किती असेल?"

सासूबाई काच वर करतात.

"दोन जास्त मारा," काका म्हणतात.