तीन अक्षरी कमळ

कोडेवाले काका प्रत्येक सोसायटीत असतात. एकच असतात, दोन झाले की त्यांचं आपसांत बोलणं बंद होतं. पहिल्या पानावर सरकार पडलेलं असो की बाजार, काकांचं वर्तमानपत्र आतल्या पानावर सुरू होतं आणि तिथेच संपतं. कोडं सोडवायचं ते बॉलपेननं. पेन्सिल वापरणाऱ्यांविषयी ते फारसं चांगलं बोलत नाहीत.

आपण दूध घेऊन जिना चढत असतो. ‘कमळ! तीन अक्षरी!’ दारातून आवाज येतो. आपण भाबडेपणानं ‘पंकज’ म्हणतो. काकांचा चेहरा पडतो. ‘ते झालंच रे. पण अंबुज, नीरज, सरोज, जलज, यांनी काय घोडं मारलंय? शेवटचा ज आलाय, पहिलं अक्षर अडलंय.’ म्हणजे पाचही उमेदवार आधीच खिशात असतात. मग आपल्याला थांबवलं कशाला? हा प्रश्न विचारायचा नसतो. दूध नासलं तरी चालेल.

या कमळांपैकी एकही त्यांनी तळ्यात पाहिलेलं नाही. त्याची त्यांना गरजही वाटत नाही. चौकोनांत बसलेली भाषा मात्र हळूहळू घरात पसरते. इस्त्रीवाला आला की ‘रजक आलाय’, चहा काळा झाला की ‘पय कमी पडलंय’. काकू भाजी आणायला सांगतात तेव्हा ‘किती अक्षरी?’ असं विचारून त्यांनी एकदा दिवसभराचा अबोला ओढवून घेतला होता. अबोल्यातही कोडं पूर्ण झालं, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येतं. जुळलं तर काका काही बोलत नाहीत. नाही जुळलं तर कोडं करणाऱ्याला ‘सुताराघरी जाऊन खिळे मोज’ असा सल्ला मिळतो. एकदा आडवा शब्द होता ‘सूर्य, दोन अक्षरी’. साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम काकांना पाठ. शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘रवी’. पण त्याच चौकोनातून खाली ‘गणपती, चार अक्षरी’ निघत होता, म्हणजे ‘विनायक’. कोडेकारानं ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा केला होता. काकांना तेवढं काळीज नाही. त्यांनी काय करावं? एकाच ‘व’ला डावीकडून पहिली वेलांटी दिली, उजवीकडून दुसरी, आणि तो दोन छत्र्या घेतलेला ‘व’ दिवसभर सगळ्या जिन्याला दाखवला.

त्यांच्यापुढे इंग्रजी कोड्यांचं कौतुक करू नये. पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी दिलं, ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं, हे काकांना ठाऊक आहे. ‘पण त्यांना काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही,’ ते म्हणतात. ‘सुटी अक्षरं काय, कोणीही बसवेल. एका चौकोनात ‘र्त्स्य’ बसवून दाखवा म्हणावं!’ यावर विनसाहेबांकडे उत्तर नसतं, कारण ते १९४५ साली गेले.

मला विचाराल तर काकांना उत्तर कधीच नको असतं. एवढं सगळं आपल्याला येतं, हे पाहायला कोणीतरी जिन्यात उभं हवं असतं. मुलं परगावी, काकूंचे कान देवघरात; उरतो आपण, दुधाची पिशवी घेऊन.

तेव्हा तुमच्या जिन्यातून उद्या ‘हत्ती, दोन अक्षरी!’ अशी हाक आली, तर ‘गज’ म्हणून मोकळे होऊ नका. पिशवी खाली ठेवा आणि विचारा, ‘कितवं अक्षर आलंय, काका?’