छत्तीस गुणांचा कुत्रा

माझ्या भाच्याने स्वतःच्या लग्नात पत्रिका पाहू दिली नव्हती. 'माणसांचे स्वभाव कागदावर जुळत नसतात,' असं त्याने भर बैठकीत सुनावलं आणि ताईने मिरजेहून आणलेल्या गुरुजींना नुसत्या चहावर परत पाठवलं. तोच भाचा गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात चोवीस प्रश्नांचा एक कागद होता. आपल्या स्वभावाला आणि जीवनशैलीला कोणत्या जातीचा कुत्रा शोभेल, हे त्या कागदावरून कळणार होतं. नाडी आणि मंगळ तेवढे वगळले होते, बाकी मामला तोच.

"मामा, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. उत्तरं बरोबर आहेत का बघा."

मी पाहिली. 'दिवसातून किती वेळ व्यायाम करता?' याच्यापुढे त्याने 'दीड तास' लिहिलं होतं. जिमचं कार्ड त्याच्या पाकिटात आहे, हे खरं. ते ड्रायव्हिंग लायसन्सच्या शेजारी असतं आणि दोन्हींवरचे फोटो सारखेच जुने आहेत. 'घरी किती वेळ असता?' उत्तर, 'जवळजवळ पूर्ण दिवस'. घरी असतो तोही कानाला हेडफोन लावून, आणि त्याचा दिवस अमेरिकेत उजाडतो. 'तुमचा स्वभाव कसा आहे?' शांत, प्रेमळ, शिस्तप्रिय, साहसी असे चार पर्याय होते. त्याने 'साहसी'वर खूण केली होती. या मुलाच्या आयुष्यातलं मला माहीत असलेलं एकमेव साहस म्हणजे चांदणी चौकात चुकीच्या रॅम्पवर चढल्यावर तो तसाच पुढे गेला आणि थेट साताऱ्याच्या दिशेला लागला.

एकूण काय, कागद भरणारा माणूस एक होता आणि कागदावर उतरलेला भलताच. मुलगी पाहायला जाताना घरचे मुलाचं जे वर्णन करतात, ते इथे मुलाने स्वतःच केलं होतं. उलट पक्षाकडे चौकशीला कुणी काका-मामा नाहीत, एवढीच काय ती सोय. कुत्र्याच्या बाजूने कुणीच विचारत नाही, की मुलगा सकाळी उठतो कधी?

कागदाचा निकाल होता सायबेरियन हस्की.

हस्कीबद्दल मला आदरच आहे. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी बर्फावरून गाडी ओढायला वाढवलेल्या कुत्र्यांचा हा वंश. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध पोचवायला ना रस्ता, ना विमान. तेव्हा सुमारे वीस गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी जवळजवळ १०८५ किलोमीटरचं अंतर साडेपाच दिवसांत, टप्प्याटप्प्याने, हिमवादळातून कापलं आणि औषध पोचवलं. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आजही उभा आहे. आमच्या भाच्याचा फ्लॅट वाकडला, नवव्या मजल्यावर, दोन बेडरूमचा. दारापासून बाल्कनीपर्यंतचं अंतर मी मोजलंय. अकरा पावलं. तिथे कुणाला घटसर्प झालाच, तर औषध दहा मिनिटांत दुचाकीवरून येतं.

"आणि उन्हाळ्यात?" मी विचारलं.

"एसी आहे ना मामा."

नागपूरच्या माझ्या मावसभावाकडेही हस्की आहे आणि एसीही. मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळीस ओलांडतो. मावसभाऊ बनियनवर ओट्यावर बसतो आणि हस्की आत सोळा डिग्रीवर. महावितरणचं बिल आलं की मावसभाऊ त्या कुत्र्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेनेही खोली थोडी गरम होत असावी.

मी मामा असल्यामुळे सल्ला देणं भाग होतं. मी एकेक स्थळ सुचवू लागलो.

डॉबरमन घे, म्हटलं. याचं मूळ फार बोधप्रद आहे. जर्मनीत आपोल्डा गावी लुईस डॉबरमन नावाचा एक करवसुली करणारा गृहस्थ होता. वसुलीला जाताना सोबत कुणी जरबेचं असावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने ही जात घडवली. थकबाकीदाराच्या दारात उभं राहायचं एवढ्याचसाठी जन्मलेला जगातला हा बहुधा एकमेव प्राणी. आपल्याकडे त्या कामाला माणसं मिळतात आणि त्यांना जंताचं औषध द्यावं लागत नाही, म्हणून ही जात इथे निघाली नसावी. भाचा विचारात पडला. त्याच्यावर घराचं, गाडीचं आणि फोनचं अशी तीन कर्जं आहेत. "नको," तो म्हणाला, "घरात सारखं दडपण येईल."

पगचं नाव काढायच्या आधीच सूनबाई, म्हणजे भाच्याची बायको, म्हणाल्या, "पग आता जुना झाला." खरंय. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे-मागे हा चपट्या तोंडाचा कुत्रा फिरला आणि देशभरातल्या मध्यमवर्गाला तो आपल्याही मागे फिरावासा वाटला. मागे फिरताना त्याला धाप लागते, हे जाहिरातीत दिसलं नाही. तोंड चपटं करता करता माणसाने त्याची श्वासाची वाटच आवळून टाकली. अनेक विमान कंपन्या अशा कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून न्यायला नकार देतात. बिचारा झोपेत घोरतो, जागेपणी घोरतो, आणि लोक म्हणतात, किती गोड.

त्याआधी मराठी घरांत पॉमेरियनचं राज्य होतं. पांढरा, केसाळ, गेटच्या जाळीतून पोस्टमनवर जीव तोडून भुंकणारा. तोही बहुतेक ठिकाणी पॉमेरेनियन नव्हताच, तो इंडियन स्पिट्झ होता. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये दोन जीवांचं लग्न जुळवणारा टफीसुद्धा स्पिट्झच. पण 'आमच्याकडे पॉमेरियन आहे' म्हणण्यात जे वजन होतं, ते पाच-सहा वर्षं वापरून झाल्यावर मग जात बदलून कोण मागणार?

लॅब्रॅडॉरवर मात्र आमची चर्चा जरा रंगली, कारण खालच्या मजल्यावरच्या काकांकडे लॅब आहे आणि त्याचं वजन काकूंच्या काळजीचा विषय आहे. काका त्याला रोज फिरवतात. म्हणजे दोघं खाली उतरून वडापावच्या गाडीपर्यंत जातात. पण सगळा दोष काकांचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की चारांतल्या साधारण एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो आणि त्यामुळे 'पोट भरलं' ही बातमी डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. परवा काकांच्या ताटातली पोळी घेऊन तो जिन्याने पळाला. नामदेव महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कुत्र्याने पोळी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. काकाही धावले. हातात चप्पल होती. तरी एक मान्य करायला हवं, काकांचा तेवढा व्यायाम वर्षभरात झाला नव्हता.

बॉर्डर कोली सर्वांत हुशार, असं भाच्याने कुठे तरी वाचलं होतं. आहेच तो हुशार. मेंढ्या हाकणं हे त्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. मेंढ्या नसल्या तर तो जे हाती लागेल ते हाकतो. त्यांच्याच सोसायटीत एका वाढदिवसाला अशाच एका कोलीने अकरा मुलं, दोन मावश्या आणि केक घेऊन चाललेला माणूस क्लब हाउसच्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवले होते. आपल्या धनगरांची कुत्री लांडग्यांपासून कळप राखतात, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, माळावर चांदण्यात झोपतात. त्यांचा आयक्यू अजून कुणी काढलेला नाही. कुणी काढायला गेलंच, तर ती त्यालाही माळावरून हाकलतील.

हा धागा धरून मी शेवटी मुद्द्याचं स्थळ काढलं. म्हटलं, बाहेरचंच कशाला, आपल्या दख्खनची कारवानी आहे. सडपातळ, लांब पायांची, सशामागे सुटली की जमिनीला पाय लागतोय की नाही असं वाटावं. मराठवाड्यात केसाळ कानांची पश्मी आहे. मुधोळची तर कीर्तीच वेगळी. तिथल्या घोरपडे राजांनी ती जात जोपासली, भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचं नाव घेतलं, लष्करानेही ती प्रशिक्षणाला नेली.

भाच्याने फोनवर फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "ही जरा उपाशी वाटते ना?"

खरी अडचण ती नव्हती. खाली बागेत कुणी 'ब्रीड कोणती?' विचारलं तर 'सायबेरियन' म्हणताना मान आपोआप थोडी वर जाते. 'लातूरकडची' म्हणताना तीच मान कशी वळवायची, याचा सराव आपल्याला नाही.

गावठीचं नाव मी काढणारच नव्हतो, पण सूनबाईंनी काढलं. त्यांनी तिला 'इंडी' म्हटलं. रस्त्यावर असते तोवर ती गावठी, सोफ्यावर चढली की इंडी. नाचणीचं मिलेट झालं तेव्हा भाव वाढला होता, इथे निदान कुत्रीला घर तरी मिळालं. पण प्रश्नावलीत इंडीला रकानाच नव्हता. त्यामुळे भाच्याचा आणि तिचा स्वभाव जुळतो का, हे कळायला काही शास्त्रीय मार्ग उरला नाही.

शास्त्राचं म्हणाल तर मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याला आवडली नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला एक अभ्यास आला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के त्यांच्या जातीवरून सांगता येतो. उरलेलं ज्याचं त्याचं. म्हणजे छत्तीसांपैकी धड सव्वातीन गुणसुद्धा जुळत नाहीत. एवढ्यावर आमच्या गुरुजींनी सुपारीसुद्धा फोडू दिली नसती.

"पण मामा, डोळे बघा ना. निळे आहेत."

मार्चमध्ये हस्की आला. नाव 'लोकी'. त्याची लस झाली, महापालिकेचा परवाना काढावा लागतो हे कळल्यावर भाच्याने आधी आश्चर्य व्यक्त केलं आणि मग परवाना काढला. सोसायटीच्या सभेत कुत्र्यांना लिफ्टबंदीचा ठराव आला, तेव्हा प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना वाचून दाखवून त्याने तो हाणून पाडला. हा त्याच्या साहसी स्वभावाचा मला दिसलेला पहिला पुरावा. दुसरा अजून दिसायचाय.

पहिल्या आठवड्यात लोकीने दोन चपला, एक चार्जर आणि सोफ्याची डावी बाजू संपवली. हस्की भुंकत नाही फारसा, हेल काढून विव्हळतो. संध्याकाळी शेजारच्या आजींची आरती सुरू झाली की तो बाल्कनीत जाऊन वरची पट्टी लावतो. आजींना वाटलं, श्रद्धाळू आहे. केस तर इतके झडतात की सूनबाईंच्या मते रोज एक नवा कुत्रा झाडून टाकावा लागतो. आणि पहाटे पाच वाजता त्याला सायबेरिया आठवतो. त्या वेळी भाचा नुकताच अमेरिकेतून परतून झोपलेला असतो.

एप्रिलमध्ये ताई आणि दाजी मिरजेहून 'चार दिवसांसाठी' आले. अजून आहेत. दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पस्तीस वर्षं पहाटेच्या गाड्या सोडल्या, त्यामुळे निवृत्त झाले तरी साडेचारला जाग येते आणि मग करण्यासारखं काही नसतं. कुत्र्याची त्यांना मुळीच आवड नाही. आल्याआल्या त्यांनी त्याला 'हे काय जनावर' म्हटलं होतं आणि 'लोकी' त्यांच्या तोंडात बसेना म्हणून दोन दिवसांत त्याचं 'लोकनाथ' झालं. त्याला मिरजेच्या मराठीत दरडावलेलं बरोबर समजतं. भाच्याच्या इंग्रजीकडे तो काणाडोळा करतो.

मी परवा मुद्दाम तोच चोवीस प्रश्नांचा कागद दाजींपुढे धरला. 'तुम्हाला कुत्रा का हवा आहे?' याच्यापुढे त्यांनी 'नको आहे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि बाकीचे रकाने मोकळे सोडले. मग टीव्हीखालच्या कप्प्यातून दोनशे पानी वही काढून मला दाखवली. रोजची नोंद आहे. निर्गमन ५:१०, आगमन ६:२५. थांबे चौदा, सगळे खांब. पावसाळ्यात मार्ग बदलून डी विंगच्या पार्किंगमधून. विलंब झालाच तर कारणाचा वेगळा रकाना, त्यात आजवर दोनच नोंदी आहेत, एक मांजर आणि एक आमदारांचा वाढदिवसाचा मांडव.

भाचा आठला उठतो आणि लोकीचा फोटो काढतो.