मुक्काम फोल्डर, तालुका मावळ

संगणकावर दस्तऐवज सांभाळण्याच्या विद्येत मनुष्याची खरी परीक्षा आकडेमोडीत होत नाही, शोधात होत नाही, की अहवाल छापण्यातही होत नाही. ती होते पडद्यावर एक लहानशी चौकट उगवून, अत्यंत नम्रपणे, परंतु उत्तर मिळाल्याखेरीज पुढचे कोणतेही काम होऊ न देण्याच्या निर्धाराने, 'फोल्डर निवडा' एवढेच फर्मावते तेव्हा. ज्या गृहस्थांना आपल्या शिवाराची चतुःसीमा, बांधावरच्या आंब्याची मालकी आणि तीन पिढ्यांमागच्या वाटणीपत्रावरील साक्षीदारांची नावे मुखोद्गत असतात, तेही या प्रश्नापुढे चष्मा काढून पुसू लागतात. आपले कागद आपल्याच यंत्रात नेमके कोठे ठेवले आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. आणि ज्या चिरंजीवांनी ते ठेवले, ते कामावर गेलेले असतात.

मी मौजे औंढे, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथील रहिवासी असून, उपजीविकेखातर व कधी केवळ भिडेखातर लोकांना अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या माहिती सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये लहानमोठी दफ्तरे बांधून देतो. लोणावळ्याच्या शेजाराला असल्यामुळे आमच्याकडे पाऊस, बंगलेवाले आणि जमिनीचे कज्जे या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून तर ज्या खडकावर गवताचीही मालकी सांगायला पूर्वी कोणी धजत नसे, त्याच्या पोटहिश्श्यांवरून सख्ख्या भावांत बोलणे बंद झाले आहे. अशा परिस्थितीत आमच्या थोरल्या चुलत्यांनी घराण्याचे सर्व कागद 'काम्पुटरात' घालण्याची आज्ञा केली, आणि भिडेची ही मोठी कामगिरी माझ्या शिरावर आली.

सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचे नकाशे, खरेदीखते व वाटणीपत्रे मिळून कागदांचा जो संभार निघाला, तो स्कॅन केल्यावर एकट्या अ‍ॅक्सेसच्या पोटात मावण्याजोगा नव्हता. अ‍ॅक्सेसच्या एका फाइलीला २ गिगाबाइटांची मर्यादा आहे, आणि चित्रे आत कोंबू लागले की ती मर्यादा पाहता पाहता गाठली जाते. म्हणून या धंद्यातला शिरस्ता असा, की कागदाचे चित्र बाहेर एखाद्या फोल्डरात ठेवावे आणि तक्त्यात केवळ त्याचा मार्ग लिहून ठेवावा. शिरस्ता उत्तम आहे; मात्र तो पाळायचा तर वापरणाऱ्याला कधीतरी विचारावे लागते, की बाबा रे, फोल्डर कोणते? आणि तेथून सर्व अनर्थाला प्रारंभ होतो.

पूर्वी हा प्रश्न विचारणेसुद्धा सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यातले नव्हते. अ‍ॅक्सेस १९९२ साली बाजारात आले, पण फोल्डर विचारण्याची आयती सोय त्यात पुढे कित्येक वर्षे नव्हती. ती साक्षात विंडोजच्या दरबारातून मागून आणावी लागे. तिथल्या एसएच-ब्राउज-फॉर-फोल्डर नामक कार्यवाहाला रीतसर अर्ज करावा, अर्जातील रकाने ठरलेल्या क्रमाने भरावेत, तो एक चिंचोळी, झाडाच्या फांद्यांसारखी उलगडणारी चौकट दाखवी, वापरणारा त्यातून फोल्डर निवडी, आणि एवढे सव्यापसव्य झाल्यावर हाती फोल्डरचा मार्ग न येता केवळ एक अंतर्गत खूण येई. त्या खुणेचा मार्ग करून देणारा कार्यवाह वेगळा. त्याच्यासाठी २६० अक्षरांची रिकामी जागा आधीच मांडून ठेवावी लागे. तो त्यात मार्ग लिहून शेवटी एक शून्य-अक्षर ठेवी, आणि त्या शून्यापुढची उरलेली रिकामी जागा कापून टाकण्याचे काम आपल्याकडेच असे. इतके करून ती खूण दरबारात परत जमा करायला विसरले, तर तेवढी स्मृती उगाच अडकून राही, ते निराळेच.

ज्याच्या नावात २००२ हे साल आहे, त्या अ‍ॅक्सेसपासून मात्र ही यातायात संपली. द्रुतगती मार्ग पुरता खुला झाला तोही २००२ सालीच, त्यामुळे आमच्या गावाच्या दृष्टीने दोन्ही रस्ते एकाच सालचे मानायला हरकत नाही. आता फाइल-डायलॉग नावाच्या वस्तूला ४ हा आकडा सांगितला, की ती फोल्डर निवडण्याची चौकट मुकाट्याने आणून देते. चौकटीत होकार दिला तर प्रोग्रामला उणे एक मिळतो, रद्द केले तर शून्य. होकाराची किंमत नकारापेक्षाही कमी का, हे चुलत्यांनी मला विचारले होते. त्यावर अ‍ॅक्सेसची आज्ञाभाषा जी व्हीबीए, तिच्या व्यवहारात सत्य हे मुळातच उणे एक असते, असे मी सांगितले, आणि कोर्टात बराच काळ घालविलेला तो इसम ते विनातक्रार मान्य करता झाला.

या नकाराच्या शून्याची दखल न घेणारे कारागीर मी पाहिले आहेत. वापरणारा 'रद्द' म्हणून मोकळा होतो, मार्गाचा रकाना रिकामा राहतो, प्रोग्राम त्या रिकामपणापुढे प्रामाणिकपणे एक तिरपी रेघ जोडतो, आणि नुसत्या तिरप्या रेघेचा अर्थ चालू ड्राइव्हचे मूळ असा असल्यामुळे, एका पोटहिश्श्याचे कागद शोधायला निघालेला कारकून सबंध जिल्ह्याच्या झडतीला लागतो. त्यातून हुकूम कागद पुसून टाकण्याचा असेल, तर पुढचे वर्णन न केलेले बरे. नकार ऐकून घेऊन गुमान मागे फिरणे हा माझ्या मते प्रोग्रामचा पहिला सभ्यपणा. आणि मागच्या खेपेस निवडलेला फोल्डर लक्षात ठेवून पुढच्या खेपेस चौकट तेथेच उघडणे हा दुसरा. दर वेळी 'माय डॉक्युमेंट्स'पासून वाट तुडवायला लावणारा प्रोग्राम आणि दर खेपेस 'आपण कोणाचे?' विचारणारा शेजारी यांच्याशी मी संबंध बेताचेच ठेवतो.

मार्ग म्हणजे काय, हे समजावणे मला अवघड वाटले होते. ते सर्वांत सोपे निघाले. जिल्हा पुणे, त्यात तालुका मावळ, त्यात मौजे औंढे, त्यात गट, गटात पोटहिस्सा, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये एक तिरपा बांध, असे म्हणताच चुलत्यांनी मला पुढे बोलू दिले नाही व स्वहस्ते त्याच क्रमाने फोल्डर तयार केले, तेही मराठीत, कारण आपल्या जमिनीचे नाव इंग्रजीत लिहिले की ती बंगलेवाल्याची होते, अशी त्यांची धारणा आहे. चौकटीत 'औंढे' ही अक्षरे स्वच्छ दिसत होती. त्यांनी ती निवडली, होकार दिला, आणि माझ्या प्रोग्रामने निवडीची पोच म्हणून जो संदेश दाखविला, त्यात गावाच्या जागी चार प्रश्नचिन्हे उभी होती. औ, अनुस्वार, ढ आणि मात्रा: प्रत्येकी एक.

"गावावर शंका कुणी काढली?" चुलत्यांनी विचारले. "मोजणीवाल्यानं हरकत घातली का काय?"

हरकत मोजणीवाल्याची नव्हती. व्हीबीएची जुनी संदेशचौकट आणि फाइली धुंडाळणारी तिची 'डिर' ही आज्ञा विंडोजच्या ज्या जुन्या अक्षरसंचांवर पोसली गेली, त्यांत देवनागरीला जागाच नव्हती. मार्ग आत शाबूत असतो, पण तो उच्चारायची वेळ आली की तिची बोबडी वळते. उपाय अर्थातच आहे. फाइली शोधण्याचे काम फाइल-सिस्टिम-ऑब्जेक्टकडे सोपवावे, आणि संदेश अ‍ॅक्सेसच्या स्वतःच्या फॉर्मवर दाखवावा, कारण तो फॉर्म युनिकोड जाणतो. हे मी केले. गाव निःशंक झाले.

आमच्याच मावळात, कामशेतला, इतिहासकार रियासतकार सरदेसाई बडोद्याची नोकरी सोडल्यानंतर येऊन राहिले होते. पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, धुंडाळून १९३० ते १९३४ या काळात त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. हे काम चौकटीतून करावे लागले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. रुमालाची गाठ सोडली, की निदान त्यातले कागद दिसतात. फोल्डर निवडण्याच्या चौकटीचा तर बाणा असा, की तिला फोल्डर विचारलेले असल्यामुळे ती फोल्डरच दाखवील. आतल्या फाइली ती कटाक्षाने लपविते.

याचा परिणाम औंढ्यात जो व्हायचा तो झाला. चुलत्यांनी चौकटीत आपल्या गटाचा फोल्डर उघडला आणि आत पांढरेशुभ्र मैदान पाहून ते उठून उभेच राहिले. "अरं, ह्यात तर काहीच न्हाई!" खरेदीखत नाही, नकाशा नाही, फेरफार नाही. धाकटे चुलते आदल्या सायंकाळी यंत्रापाशी बसले होते, ही गोष्ट त्यांना तत्काळ आठवली. धाकट्यांना बोलावणे धाडले गेले, ते सपत्नीक आले, १९७८ सालच्या वाटणीपासून विषय निघाला, आणि कागद जागच्या जागी असून चौकटच ते दाखवीत नाही, हे माझे म्हणणे दोन्ही पक्षांनी मी दुसऱ्याला सामील असल्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरले.

अखेर तोड काढली ती अशी. फोल्डरची चौकट काढून टाकून मी फाइल निवडण्याची चौकट बसविली. तिचा आकडा ३. तीत सर्व कागद डोळ्यांनी दिसतात. त्यांपैकी कोणताही एक निवडावा. प्रोग्राम त्याच्या मार्गातले शेवटच्या तिरप्या रेघेपुढचे नाव छाटून टाकतो आणि उरलेला फोल्डर आपणहून घेतो. कोणताही कागद चालेल, हे मी दोघाही बंधूंना शपथेवर सांगितले आहे. तरीही थोरले चुलते दर खेपेस स्वतःच्या नावचा फेरफारच निवडतात, आणि धाकटे यंत्रापाशी बसले, की तोच फोल्डर मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून नव्याने निवडून घेतात.