पीएमपीचा उमेदवार

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांना माणसं पुरवणारा रिक्रूटर तिशीला आला की त्याला परीक्षा देऊन पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, व्हावंसं वाटू लागतं. दिवसभर फोनवर 'नोटीस पिरियड किती, करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती' विचारून घसा बसलेला हा गृहस्थ रात्री जेवणं आटोपल्यावर 'रिस्क रजिस्टर कोणी अपडेट करायचं' याच्या चार पर्यायांपुढे डोकं धरून बसतो. लोक हसतात. माणसं गोळा करणाऱ्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कशाला, म्हणतात. मला मात्र वाटतं की या परीक्षेला बसणाऱ्यांत तिच्यावर खरी श्रद्धा असलेला हाच एक. प्रोजेक्ट मॅनेजरची जागा भरताना जॉब पोर्टलवर तो 'पीएमपी' टाइप करतो आणि ढीगभर बायोडेटा जागच्या जागी गळतात. गळालेल्यांत उड्डाणपूल वेळेत उभा करणारेही असतील. पण ती तीन अक्षरं नाहीत, म्हणजे ते नाहीतच. वर्षानुवर्षं चाळणी हातात धरणाऱ्याला, आपण स्वतः तिच्यातून खाली पडू की वर राहू, ही धास्ती कधीतरी वाटणारच.

त्याची खरी प्रतिभा दिसते ती अर्ज भरताना. ही परीक्षा घेणारी अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट 1969 पासून या धंद्यात आहे, तेव्हा तीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. पदवीधराने 36 महिने प्रोजेक्ट चालवलेले हवेत, शिवाय 35 तासांचं शिक्षण हवं. 35 तास क्लासची फी भरून मिळतात; 36 महिने मात्र लिहावे लागतात. प्रोजेक्टला आरंभ असतो, शेवट असतो. भरतीला शेवट कुठला? एक माणूस आत येतो तोवर दोघांचे राजीनामे पडलेले असतात. मग हा इंजिनिअरिंग कॉलेजांतला कॅम्पस ड्राइव्ह शोधून काढतो आणि लिहितो, 'बहुशहरी मनुष्यबळ-उभारणी प्रकल्पाचे नेतृत्व'. दुसऱ्याच्या बायोडेटातलं असं 'नेतृत्व' त्याने दोन प्रश्नांत उघडं पाडलं असतं. त्यातून इन्स्टिट्यूट काही अर्ज ऑडिटसाठी उचलते, आणि 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला काय घाबरायचं?' असा उमेदवारांना धीर देणाऱ्याची झोप उडते.

यावर कोणी म्हणेल, मग हा सगळा अक्षरांचाच सोस. विद्येचा त्यात संबंध काय? हे मला पटत नाही. ऑफर स्वीकारलेला उमेदवार 90 दिवसांच्या नोटिशीवर असतो. त्या काळात जुनी कंपनी पगार वाढवते, तिसरी कंपनी आणखी वाढवते, आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन स्विच ऑफ. म्हणून हा प्रत्येक जागेमागे दोन बॅकअप बाळगतो. क्लायंट मध्येच म्हणतो, 'जावा तर हवंच, पायथनही येऊ दे, बजेट तेवढंच.' पुस्तकात जोखीम, स्कोप, स्टेकहोल्डर अशी प्रकरणं पाडून जे सांगितलं आहे, ते याच्या रोजच्या शिव्याशापांत मुरलेलं असतं.

गंमत अशी, की परीक्षेत त्याला नडतं तेही हेच. 180 प्रश्नांत एखादा विचारतो: टीममधला महत्त्वाचा माणूस अचानक सोडून गेला, आधी काय कराल? हा डोळे मिटून 'ताबडतोब पर्यायी माणूस मिळवीन' वर खूण करतो. पुस्तकाच्या मते आधी परिणामाचा आढावा घ्यायचा असतो. ज्या एका प्रश्नावर त्याचा अधिकार, तिथेच त्याचा मार्क जातो.

दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो: पास झाला तरी त्याला प्रोजेक्ट कोण देणार? पलीकडून दुसऱ्या कंपनीचा रिक्रूटर विचारतोच, 'डिलिव्हरीचा अनुभव किती वर्षांचा?' हाच प्रश्न विचारून आपल्या नायकाने शेकडो जणांना वाटेला लावलेलं असतं, त्यामुळे तो मुळीच वाद घालत नाही. क्षणभर थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, 'ही पोझिशन कधीपर्यंत क्लोज करायची आहे तुम्हाला? माझ्याकडे दोन चांगले प्रोफाइल आहेत.'