छत्तिसाव्या रस्त्यावरचे काका

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या आमच्या काकांकडे पाहुणा आला, की पहिल्याच शनिवारी त्याची न्यूयॉर्कला वरात निघते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला नव्हे. पेन स्टेशनवर उतरायचं, चालत छत्तिसाव्या रस्त्यावर यायचं आणि ‘कीन्स’ स्टेकहाउसच्या दारात काका थांबून कॉलर नीट करतात. जोतिबाला गेल्यावरही त्यांनी एवढी काळजी घेतलेली मी पाहिली नाही.

कीन्स १८८५ सालचं. आत इतका मिणमिणता उजेड की मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा, तर काका हात धरतात. “वाचायचं काय त्यात? वर बघ!” वर छतभर मातीचे लांब दांड्यांचे पाइप, ५०,००० च्या वर. ने-आण करताना मोडायचे, म्हणून पूर्वी गिऱ्हाइकं आपापला पाइप इथंच ठेवून जात. रूझवेल्टचा आहे, आइन्स्टाइनचा आहे. काका सांगतात अशा सुरात, की पुढची खुंटी त्यांच्यासाठीच राखून ठेवलीय. वास्तविक बिडीच्या वासानंसुद्धा त्यांना ठसका लागतो.

मग ‘मॅनहॅटन’ येतं. राय व्हिस्की, गोड व्हर्मूथ, बिटर्सचे थेंब आणि तळाशी एक चेरी. ती चेरी काका शेवटपर्यंत राखतात, पंगतीत आपण जिलबी राखतो तशी. तेवढ्यात कुणी नव्या, लखलखीत, क्यूआर कोडवाल्या हॉटेलाचं नाव काढलं, तर काका नुसते वेटरकडे बघतात. वेटरही मान हलवतो. त्याला मराठी येत नाही, पण विषय कळतो.

तीस वर्षं स्टेकहाउसला जाणाऱ्या या माणसानं आजवर स्टेक खाल्लेला नाही. गाईचं चालत नाही. कीन्सची ख्याती मटण चॉपची, आणि काका कोल्हापूरचे. चांगला पाऊण किलोच्या घरातला तुकडा समोर आला की आधी बोटानं दाबून बघतात, खाटकाच्या दुकानात बघावं तसं. “मटण कळतं लेकांना. पुदिन्याची तेवढी जेली केली, ते सोड.”

पूर्वी काका एकटेच जात. एकदा फुशारकीत त्यांनी काकूंना लिली लँग्ट्रीची गोष्ट सांगितली. कीन्स तेव्हा फक्त पुरुषांचं होतं. या नटीला आत घेतलं नाही, तेव्हा तिनं १९०५ साली दावा ठोकला आणि जिंकला. काकूंनी शांतपणे कुकरचं झाकण लावलं आणि विचारलं, “शनिवारी किती वाजताची गाडी?”

तेव्हापासून काकू समोर बसून क्रीम घातलेला पालक खातात (“लसूण विसरलेत”) आणि चॉपच्या हाडाकडे लक्ष ठेवतात. ते बांधून घ्यायचं असतं. रविवारी त्याचा तांबडा रस्सा होतो, आणि काकांना पांढराही लागतो.